बासोड्याच्या दिवशीची आगटी

आमच्या घरात कुठलीही गोष्ट मी सांगायला घेतली की बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त्या पाठवत असते. पाऊस नव्हता, ऊन होतं. तो तुमचा मित्र नव्हता, तुम्हीच त्याला मित्र समजायचात. ही एक गोष्ट मात्र ती दुरुस्त करत नाही. मी सुरू केली की उठून गॅलरीत जाते. म्हणून लिहून काढतोय. लिहिताना निदान कोणी उठून जात नाही.

जयपुरात येऊन आम्हाला पंचवीसेक वर्षं झाली. मी रेल्वेच्या हिशोब खात्यात, बायको रेल्वेच्याच दवाखान्यात नर्स, घर जवाहर नगरात. मूळचे बार्शीकडचे. तिकडचं काय सुटलं नाही म्हणाल तर खाणं. ज्वारीचा हुरडा इथे कुठला मिळायला, पण चाकसूकडे हरभरा भरपूर. तो घाट्यांसकट आगीत टाकून भाजला की आमच्याकडे त्याला हुळा म्हणतात आणि इकडे होळा. दोन प्रांतांत एवढी एकी दुसऱ्या कशात दिसली नव्हती, त्यामुळे मी भारावून गेलो होतो. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस होतो, आणि चिटणीस भारावला की मंडळाला कुठे तरी जावं लागतं.

चाकसूजवळचा एक शेतकरी आमच्या कॉलनीत भाजी घेऊन यायचा. त्याच्याकडून कळलं की शीतलामातेच्या जत्रेच्या सुमारास एक भोपा दरवर्षी बायकापोरांसह त्याच्या शेतात उतरतो आणि रावणहत्था वाजवतो. आमच्याकडे भोपे म्हणजे तुळजापूरच्या देवीचे पुजारी. इकडचा भोपा देवाची गाणी गात हिंडतो. रावणहत्था म्हणजे नारळाच्या करवंटीवर ताणलेलं कातडं, बांबूची दांडी, घोड्याच्या शेपटीच्या केसांची तार आणि गजाला बांधलेले घुंगरू. ऐकताना व्हायोलिनचा कोणी खेड्यातला चुलता बोलतोय असं वाटतं. मी ठरवून टाकलं: शेतात हुळा खायचा आणि खाता खाता रावणहत्था ऐकायचा. मंडळाच्या ग्रुपवर 'सूर आणि हुळा' अशी जाहिरात टाकली. मथळा मला फार आवडला होता.

रविवार मी सुट्टी बघून धरला. मराठी कॅलेंडरात त्या चौकोनात फाल्गुन वद्य अष्टमी एवढंच मी वाचलं. आपली शीतला सप्तमी श्रावणात येते, तेव्हा शीतलेचं आणखी काही फाल्गुनात असेल हे डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. इकडे मात्र पौर्णिमेनंतर महिना बदलतो. त्यांचा चैत्र लागलेला असतो आणि त्या अष्टमीला बासोडा असतो. आदल्या दिवशी रांधायचं, अष्टमीला चूल पेटवायची नाही, देवीला आणि घरच्यांना सगळं गार वाढायचं. शेजारीण दरवर्षी आम्हाला बासोड्याचे पुवे आणि पुऱ्या पाठवायची. आम्ही त्या भक्तिभावाने गरम करून खायचो. वीस वर्षांत आम्ही हा सण एवढाच शिकलो होतो.

शेतकऱ्याने फोनवर सांगितलंही होतं की त्या दिवशी बासोडा आहे, पण तुम्ही या, घर तुमचंच आहे. त्याला वाटलं आम्ही गार जेवू. मला वाटलं सण आहे म्हणजे गोडाधोडाचंही असेल.

आम्ही चार घरं निघालो. शिवाय माझा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, आठवड्यासाठी बार्शीहून आलेला. हुरड्याच्या बाबतीत तो स्वतःला अधिकारी समजायचा. निघताना त्याने गोवऱ्यांचं पोतं डिकीत घातलं आणि मला म्हणाला, "दाजी, तुम्ही कविता वाचा. आगटीचं माझ्याकडे."

शेतात पोचलो तेव्हा आभाळ भरून आलेलं. भोपा खेजडीच्या झाडाखाली बसला होता, चाळिशीचा, लाल साफा, फार न बोलणारा. मागे पाचटाची झोपडी. तिच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या होत्या. मी मंडळींना कौतुकाने दाखवल्या: पाडवा आठवड्यावर आलाय, बघा, इकडेही आधीपासून तयारी. मंडळींनी फोटो काढले. झोपडीच्या दारात भोप्याची बायको तान्हं मूल कडेवर घेऊन उभी होती. ती आत गेली.

भोप्याने वाजवायला घेतलं, पण दमट हवेने कातडं सैल पडलं होतं. आवाज घोगरा येत होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. त्याने वाद्य उताणं करून दगडावर ठेवलं आणि ऊन येईल म्हणाला. ढोलकीचं कातडं शेकोटीवर शेकून ताणतात हे मेहुण्याला तमाशाच्या फडांमुळे ठाऊक होतं. तो म्हणाला, उन्हाची वाट कशाला, आगटी पेटवतो, हुळाही होईल आणि ह्याचं कातडंही. भोपा "रहने दो जी" असं काहीसं म्हणाला. आम्हाला ते संकोचाचं बोलणं वाटलं. आपल्याकडे पाहुणचाराला आधी नकोच म्हणतात.

बांधापाशी मेहुण्याने खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, पेटवल्या. हरभऱ्याची झाडं त्यात टाकल्याबरोबर तडतड झाली आणि तो वास आला, ज्याच्यासाठी मी चार घरं पस्तीस-चाळीस किलोमीटर आणली होती. मेहुण्याने मोठ्या प्रेमाने रावणहत्था उचलला आणि धगीवर धरायला निघाला. भोप्याने धावत येऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला. शेतकरी घरातून पळत आला, आगीकडे बघितलं, आणि पाहुण्यांपुढे हात जोडले. बोलली ती भोप्याची बायको. दारातूनच, मोठा आवाज न करता.

"माता घर में बैठी है, और आपने आग जलाई."

आत सहा-सात वर्षांची मुलगी निजली होती. तिला गोवर निघालेला. इकडे त्याला माता येणं म्हणतात. मग घरात फोडणी नाही, औषध नाही, गरम काही नाही, दाराला निंब. पाडव्याची तयारी ती.

मेहुण्याने पाण्याची कळशी उचलून आगटीवर ओतली. वाफेचा लोट उठला. मंडळी गाड्यांपाशी जाऊन उभी राहिली. माझी बायको मात्र कोणाला न विचारता झोपडीत शिरली. बाहेर आली ती मला सांगायला नव्हे, सरळ भोप्यासमोर गेली. मुलीच्या अंगावरचे पुरळ मावळायला लागलेत, पण छातीत उतरलंय, श्वास घेताना बरगड्या आत जातायत, आत्ताच्या आत्ता जयपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवी, गाडी आहे, असं तिने त्याला हिंदीत समजावलं. वीस वर्षं हेच काम करणारी बाई. तिचा आवाज ऐकून डॉक्टरसुद्धा ऐकतात.

भोप्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आग भी इन्होंने लगाई, अब गाड़ी भी इनकी?"

आग पेटवली नसती तर कदाचित ऐकलं असतं. हात जोडून अदबीने आलेली माणसं असतो तर नर्सबाईंचं म्हणणं बहुधा मानलं असतं. आता आम्ही देवीचा अपमान करून वर तिच्या हातातली मुलगी मागत होतो. तासभर बोलणं चाललं. मंडळींपैकी एका गृहस्थाने त्यांना अंधश्रद्धेवर दोन शब्द सुनवायला सुरुवात केली. बायकोने त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं, आणि तो बसला.

शेवटी मार्ग शेतकऱ्याने काढला. आधी डूंगरीवर, म्हणजे शीतलामातेच्या टेकडीवर, देवीच्या पायाशी नेऊ, गार नैवेद्य दाखवू, तिची परवानगी घेऊ, मग खुशाल दवाखाना. जत्रेचा दिवस, टेकडीवर मुंगी शिरायला जागा नाही. बायको एवढंच म्हणाली, "चला."

गाडी खाली लावून आम्ही चढलो. मुलगी आईच्या खांद्यावर, तान्हं माझ्या बायकोच्या कडेवर, नैवेद्याचं ताट माझ्या हातात. ताकात शिजवलेल्या बाजरीची राबडी, पुवे, दही घातलेला भात, सगळं कालचं. आगटीवाल्याने मुलीला हात लावलेला चालणार नव्हता, म्हणून मेहुणा मागून नुसता चालत होता. मला तिसऱ्या वळणाला धाप लागली. राबडी ताटात हिंदकळत होती आणि मी, मंडळाचा चिटणीस, ती सांडू नये एवढ्याच एका कामात जीव ओतत होतो. पुढे भोपा वाजवत चालला होता. कातडं अजून सैलच होतं. त्या घोगऱ्या आवाजाला कोणी चांगलं म्हटलं नसतं, पण पुढची माणसं वळून बघायची, मागे खांद्यावर टाकलेली मुलगी दिसायची, आणि बाजूला व्हायची. अन्न आणि सूर एकत्र आणायचे होते ना मला. ते असे एकत्र आले.

तरीही वर पोचून, दर्शन होऊन, उतरून जयपूरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. बायको तिच्या उशाशी आणि तान्ह्याच्या मागे दोन दिवस होती. त्या दोन दिवसांत दोघी बायकांचं काहीतरी जमलं. भोप्याची बायको तिच्या हातचा चहा घ्यायला लागली. धाकट्याला गोवराची लस द्यायची गोष्ट बायकोने काढली तेव्हा ती नाही म्हणाली नाही. त्यांना विचारते, म्हणाली. त्यांना म्हणजे नवऱ्याला.

मंगळवारी सकाळी मुलगी गेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चार दिवस आधी आणायला हवी होती. रविवारच्या तासांनी फार फरक पडला नसता. मी ते ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

माता आलेल्या लेकराला ते जाळत नाहीत. बांधापलीकडे पडीक जागेत शेतकऱ्याने आणि मेहुण्याने खड्डा खणला. या वेळी मेहुण्याला कोणी अडवलं नाही. माती झाल्यावर आम्ही हात धुतले आणि भोपा आमच्यापाशी येऊन बसला. मग मला म्हणाला, "बाबूजी, आप पढ़े-लिखे हो. सच बताना. आग से गई, या मैंने देर की?"

डॉक्टरांचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. खरं होतं, आणि मला निर्दोष सोडणारं होतं. मी तोंड उघडायच्या आत मेहुणा म्हणाला, "आग से गई, भैया. मैंने लगाई थी."

भोप्याने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर माणूस बघतो तसं बघितलं, आणि उठून झोपडीकडे गेला.

परतताना आम्ही टोंक रोडला लागलो. मग मेहुणाच म्हणाला, "ताई, त्याला कुणावर तरी टाकायचं होतं. माझ्यावर टाकू दे. मला काय, मी बार्शीला जाईन."

"आणि धाकट्याचं काय?" बायको म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"मोठी आगीने गेली म्हटल्यावर धाकट्याला सुई कशाला टोचतील? दोन दिवस मी तिच्या मागे लागले होते. तू मोठं मन करून एका वाक्यात संपवलंस."

मेहुण्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढा मोठा गडी, पण खांदे हलत होते. मी गाडी चालवत राहिलो. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही विचाराल तर मी चहा ठेवायला उठेन.

दुसऱ्या दिवशी बायकोने रजा टाकली. चाकसूच्या सरकारी दवाखान्यात धाकट्याच्या लशीचं आधीच बोलून ठेवलं आणि सकाळीच शेतावर गेली. मीही गेलो, म्हणजे ड्रायव्हर म्हणून. झोपडीच्या जागी पाचट विस्कटलेलं होतं. शेतकरी म्हणाला, पहाटेच गेले. कुठे ते त्याला सांगितलं नव्हतं. दरवर्षी येतात, पुढच्या जत्रेला येतीलच, म्हणाला.

पुढच्या जत्रेला आम्ही गेलो. ते आले नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

शहरात रावणहत्था वाजवणारे पुष्कळ दिसतात, किल्ल्याच्या चढावर, हॉटेलांच्या दारात, कधी सोडाल्याच्या सिग्नलला. तो आवाज आला की बायको मला गाडी बाजूला घ्यायला लावते. वाजवणाऱ्याकडे ती बघत नाही. शेजारच्या बाईच्या कडेवर बघते. मग तिच्या लक्षात येतं की ते तान्हं आता कडेवरचं राहिलेलं नसणार, आणि ती आसपास पळणाऱ्या पोरांची तोंडं बघायला लागते.