दिनूने विरघळवलेल्या कडा

सकाळचे साडेअकरा. भिवंडीच्या निजामपुऱ्यातला दिनू म्हात्रेचा फोटो स्टुडिओ. एका खुर्चीवर दिनू, दुसरीवर मी. तिसरी रिकामी.

तिसरी खुर्ची काकींची, म्हणजे दिनूच्या आईची. नारपोलीत त्यांच्या दारासमोरच्या गटारावरचा स्लॅब खचला, काकी पडल्या, आणि आठ महिने झाले, त्या घरातच आहेत. काठी घेऊन चालतात, पण तेवढं गटार काही ओलांडता येत नाही. मी त्यावर तीन बातम्या दिल्या. तिन्ही रद्दीत गेल्या. या दुकानातले किस्से मात्र साचतच राहिले. आयुष्यभर बातमीदारी केली, पण वहीत न मावलेलं सगळं इथेच जमा झालं!

दिनूचं काम एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत बसवायचं. "कापता कुणालाही येतं, भाऊ," तो म्हणतो, "कड विरघळली पाहिजे." विरघळली की नाही, हे तिसऱ्या खुर्चीवरून काकी ठरवायच्या. आता दिनू रोज प्रिंट घरी नेतो.

*

सलीमचाचा लूमवाले. धाकटा भाऊ नोकरीला आखातात. ईदच्या फॅमिली फोटोत तो हवाच होता. दिनूने जुन्या फोटोतून त्याला कापला आणि चाचांच्या शेजारी उभा केला. चाचांनी प्रिंट चष्म्याजवळ धरली.

"भाई तो आ गया बेटा. लेकिन उसके कंधे पे ये उंगलियां किसकी हैं?"

जुन्या फोटोत भावाच्या खांद्यावर कुणा मित्राचा हात होता. मित्र कापला गेला, बोटं राहिली! दिनू ओशाळून माऊसकडे वळला, तर चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"रहने दे. वहां अकेला रहता है. कोई तो साथ है."

*

बॅनर या प्रकारावर माझा राग जुना आहे. त्यावर मी लिहिलंय, भांडलोय, एकदा शिडीवर चढून एक फाडलाही आहे. तरी हे सांगतोच.

एका होतकरू भाऊंना वाढदिवसाच्या बॅनरवर चौदा पुढाऱ्यांच्या मधोमध उभं राहायचं होतं. घाईत त्यांची कड नीट झाली नाही. सगळ्या अंगाभोवती पांढरी रेघ!

"हे पांढरं काय रे?"

दिनू न डगमगता म्हणाला, "भाऊ, तेज आहे."

पुढच्या आठवड्यात तीन कार्यकर्ते आले. तिघांनाही भाऊंसारखं तेज हवं होतं.

*

पाय बसवणं सगळ्यात अवघड. माणूस जमिनीवर टेकलेला दिसत नाही, तरंगतो. दिनूची युक्ती म्हणजे पाय धुक्यात बुडवायचे. एका नव्या जोडप्याला काश्मीरला जाणं जमलं नव्हतं, फोटो मात्र काश्मीरचा हवा होता. दिनूने त्यांच्या पायांशी अकलोलीच्या गरम कुंडांची वाफ सोडली. मला तर थंडी वाजली!

काकींनी प्रिंट लांब धरली.

"दिन्या, या पायऱ्या अकलोलीच्या हायत."

"आये, वाफेत पायऱ्या दिसतात कुठं?"

"दिसायला कशाला पायजेत? मी बसलेय तिथं!"

*

मलाही त्याने एकदा फसवलं. सभेच्या गर्दीचा फोटो त्याच्याकडून आला, मी छापला. सकाळी पाहतो तर अर्ध्या गर्दीची सावली डावीकडे, अर्ध्या गर्दीची उजवीकडे. पेपर घेऊन तसाच दुकानात घुसलो.

"दिनू, भिवंडीत दोन सूर्य?"

"भाऊ, इथलं ऊन बघितलंय ना तुम्ही?"

महिनाभर मी त्याच्याकडचा चहा घेतला नाही. पण त्या दिवसापासून दिनू कड नंतर करतो, सावली आधी.

*

शेवटी महापालिकेला द्यायच्या स्लॅबच्या अर्जाला फोटो जोडायची कल्पना माझीच. म्हटलं, "गटाराचा फोटो देऊन उपयोग नाही, ते रोज बघतात. स्लॅब झाला तर कसं दिसेल ते दाखव. असं बेमालूम कर की बघणाऱ्याला लाज वाटली पाहिजे!"

दिनूने आयुष्यातलं सगळं कसब त्यात ओतलं. कुठल्याशा गल्लीतला नवा स्लॅब कापून दारासमोरच्या गटारावर टेकवला. भाच्याच्या हळदीच्या फोटोतून हिरव्या लुगड्यातल्या काकी उचलल्या आणि त्यावर उभ्या केल्या. सावली बरोबर, पाय बरोबर, धुक्याची गरजच नाही. खाली लिहिलं, 'असा स्लॅब मिळावा.'

काकींनी प्रिंट जवळ धरली, लांब धरली, उजेडात नेली.

"कुठंच जोड दिसत न्हाय रं," त्या म्हणाल्या. पहिल्या फटक्यात पास!

अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'सदर काम पूर्ण करण्यात आले आहे. छायाचित्र सोबत जोडले आहे.'

छायाचित्र आमचंच होतं. खालची ओळ तेवढी कापलेली.

मी तो कागद घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेलो आणि टेबलावर आपटला. आवाज चार खोल्यांत गेला असेल. कारकुनाने शांतपणे फोटो पाहिला.

"साहेब, बाई उभी आहे की यात! स्लॅब नसता तर पडली नसती का?"

संध्याकाळी दिनूच्या घरी गेलो. काकी उंबऱ्यात काठी घेऊन बसल्या होत्या, समोर गटार उघडं. त्यांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"मी पल्याड गेले कवा?"

दिनूने फोटो उलटा केला.

फोटोच्या मागे लिहिलं आहे, 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली.' त्याखाली सही आहे. ती कोणाची, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.