काकणाच्या झाडाखाली

प्रयोगशाळेच्या खिडकीतून आज ताज्या चिरलेल्या सुरूच्या लाकडाचा वास आला आणि सूक्ष्मदर्शकावरची माझी नजर ढळली.

मी सातवीत होते तेव्हाचा एक दिवस आठवला. वसईच्या किनाऱ्यालगत इनासकाकांच्या वाडीत एका उंच सुरूवर काकणाचे, म्हणजे समुद्रगरुडाचे, घरटे होते. आमच्या परिसरात उरलेले एकमेव. पिल्लाला अजून उडता येत नव्हते. काकांना मात्र घराच्या वाशांसाठी तेच झाड हवे होते. आम्ही विनवून पाहिले, ते हसले. तेव्हा ते कुऱ्हाड घेऊन आले त्या सकाळी आमच्या वर्गातल्या अकराजणी बुंध्याशी गुडघे टेकून बसलो आणि रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू केली. प्रार्थना चालू असताना आमच्या गावात कोणी कुऱ्हाड उचलत नसे.

काका टोपी काढून थांबले. रोझरी संपली. मी पुन्हा पहिला मणी धरला.

“अगं, आत्ताच झाली ना?”

“ही दुसरी, काका.”

“आणि किती?”

“पिल्लू उडेपर्यंत.”

चौथ्या रोझरीला ऊन डोक्यावर आले. गुडघ्यांत सुरूची बारीक फळे रुतली होती.

“एवढी प्रार्थना माझ्या लग्नातही झाली नव्हती,” काका पुटपुटले. “उडू दे तुमचं पिल्लू, मग बघतो.” कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते घरी गेले.

देवाने ऐकले, असे तेव्हा वाटले. आज एवढेच खात्रीने सांगता येते, की आम्ही उठलो नाही.

काकण जिथे मासे धरतो, ती खाडी बुजवण्याविरुद्धचा माझा अहवाल वरिष्ठांनी दोनदा परत पाठवला आहे. तिसरा मी आज लिहायला घेतला.