दामूच्या भिंतीवरचा खण

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अच्छाडला, हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात बसून चहा पीत होतो. समोर माझ्या होडीचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं. फोनवर दामूची बायको, सुलोचनावहिनी होती. "वसंतभाऊ, हे दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत..." एवढंच बोलली आणि फोन दुसऱ्या कुणाकडे दिला. लहानपणापासूनच्या मित्राच्या मरणाची बातमी मी ऐकली कुठे, तर ज्या गॅरेजाने त्याच्या हातचं काम नेलं तिथे. चहा तसाच ठेवून आमच्या गावी, झाईला निघालो. रस्ताभर तोंड कडू होतं. आज दीड महिना झाला, ती चव अजून गेलेली नाही.

बाराव्यानंतर बंदरावर शोकसभा झाली. फ्लेक्सवर दामूचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे ताटाएवढे. सगळे होडीमालक. गेल्या आठ वर्षांत यातला एकही दामूच्या गल्लीत फिरकला नव्हता, आणि आता एकेक जण माइक धरून गळा काढत होता. कुणी त्याला किनाऱ्याचा विश्वकर्मा म्हणालं, कुणी म्हणालं असा मिस्त्री पुन्हा होणार नाही. मला एकेकाची किळस येत होती. पण सगळ्यांत जास्त किळस आली ती चौथ्या वक्त्याची. तो दहा मिनिटं बोलला, मैत्रीचे किस्से सांगितले, शेवटी त्याला टाळ्याही पडल्या. तो वक्ता मी होतो.

दामू मिस्त्री होड्यांची इंजिनं बघायचा. शर्यतीच्या होड्यांना आमच्याकडे ट्रकचं जुनं इंजिन, त्यावर टर्बो, असा मामला असतो. वेग मिळतो, पण इंजिनाच्या पोटातला दाबही वाढतो, आणि दामूचा सगळा जीव त्या दाबात अडकलेला. "वश्या, जळलेला गॅस सगळा सायलेन्सरने नाय जात," तो मला शंभर वेळा सांगायचा. "थोडा पिस्टनच्या कडेने खाली पोटात, क्रँककेसमध्ये उतरतो. जेवढा जोर जास्त, तेवढा उतरणार. त्याला बाहेर जायला वाट ठेव. नाय ठेवलीस तर सील फोडून तो आपली वाट करेल, आणि जाताना तेल घेऊन जाईल." त्यासाठी तो ब्रीदरची, म्हणजे इंजिनाने श्वास सोडायची, बारीक नळी काढून अंगठ्याएवढी जाड बसवायचा, आणि तिच्या तोंडाला पत्र्याचा एक डबा जोडायचा. वाफेबरोबर येणारं तेल डब्यात साठायचं, गॅस मोकळा सुटायचा.

दाब मोजायला त्याच्याकडे घरचंच यंत्र होतं. लाकडी फळीवर वाकवून ठोकलेली प्लास्टिकची पारदर्शक नळी, तिच्यात कुंकू कालवलेलं पाणी. नळीचं एक टोक इंजिनाला लावायचं, इंजिन रेस करायचं आणि पाणी किती चढतं ते बघायचं. जिथे चढलं तिथे पेन्सिलीने रेघ, रेघेपुढे होडीचं नाव. लोक हसायचे. अच्छाडचे ट्रकवाले तर त्याला ज्योतिषी म्हणायचे. तो मात्र पाणी दोन बोटांच्या खाली आल्याशिवाय होडी सोडायचा नाही, मालक कितीही घाई करो. असल्या माणसाचा राग येतोच. मलाही यायचा, उगाच खोटं कशाला सांगू.

आठ वर्षांपूर्वीच्या जत्रेच्या शर्यतीला माझी होडी नवी रंगवली होती. पांढरी शुभ्र, कडेला निळा पट्टा. दामूने जाड नळी बसवली आणि जोडायला डबा काढला. मी म्हटलं, "डबाबिबा नको हां. शर्यतीची होडी आहे, तेलाची घाणी नाही."

"नळीतून थोडं तेल उडेल मग."

"उडू दे."

"उडू दे म्हणतोस, मग नंतर रंग खराब झाला म्हणून बोंबलू नको," तो म्हणाला, आणि डबा काखेत मारून घरी गेला.

सकाळी निघण्याआधी इंजिनाची पूजा झाली. आमच्याकडे इंजिनाला हार घालतात, हळदकुंकू लावतात आणि खणनारळाने ओटी भरतात. पूजा आटोपून इंजिन सुरू केलं तर नळीने काळं तेल थुंकायला सुरुवात केली. हारावर, नव्या रंगावर, सुनेच्या साडीवर. काठावर लोक जमलेले, पाहुण्यांचे मोबाइल रोखलेले. माझं डोकं फिरलं. हाताशी होता तो ओटीचा लाल खण मी त्या नळीत कोंबला आणि वरून सुतळीने आवळून बांधला. तेल उडायचं थांबलं. फोटो झकास आले.

अर्ध्या शर्यतीत तेल अडवणारं मागचं सील उडालं. सगळं तेल होडीच्या तळाला, इंजिन जाम, आणि आम्हाला दुसऱ्या होडीने ओढत काठावर आणलं. दामू पाण्यात शिरून वर चढला, इंजिनावर वाकला, दोन मिनिटं आमच्याकडे पाठ करून काहीतरी करत राहिला. मी तळातलं तेल उपसायला लागलो. खण दाबाने उडून समुद्रात गेला असणार, अशी मनाची समजूत घातली. लोकांनी विचारलं, "मिस्त्री, काय झालं?"

"सील जुनं होतं," दामू म्हणाला. "बघायला पाहिजे होतं मी. माझी चूक."

सील नवं कोरं होतं. आदल्या आठवड्यात माझ्यासमोर त्याने ते पाकिटातून काढलं होतं. हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं, आणि मी इंजिनाकडे बघत मान हलवली. दामूच्या कामाचा भरवसा राहिला नाही, असं महिन्याभरात झाईपासून डहाणूपर्यंत झालं. एकेक होडी अच्छाडला जायला लागली. माझीही गेली... मी तर दुसऱ्याच महिन्यात नेली, लोकांना दिसावं म्हणून. दामू पुढे चिकूच्या वाड्यांतले पाण्याचे पंप दुरुस्त करत राहिला. वाटेत भेटला की विचारायचा, "होडी कशी चालते, वश्या?" मी म्हणायचो, "मस्त."

शोकसभा संपल्यावर मी वहिनीला भेटायला घरी गेलो. दामूच्या खोलीत भिंतीवर ती फळी टांगलेली होती. नळीतलं पाणी आटून कुंकवाचा डाग उरला होता. खिळ्याला फळीबरोबर एक लाल कापड अडकवलेलं होतं. धुतलेलं, घडी घातलेलं, पण मध्यभागी तेलाचा काळा डाग तसाच.

"हा खण मी दोनदा धुतला, डाग काय जात नाही," वहिनी म्हणाली. "फेकू पण देत नव्हते. म्हणायचे, राहू दे, ज्याचा आहे तो एक दिवस मागायला येईल. आठ वर्षं झाली, कोणी आलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का हो भाऊ, कोणाचा आहे?"

मी "नाही" म्हणालो. त्याच्या खोलीत उभा राहून, त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघून, तो गेल्यावरसुद्धा.

हे मी ज्या पेपरच्या पुरवणीत छापायला देतोय, ती झाईला सकाळच्या पहिल्या एसटीने येते आणि वहिनी ती वाचते. ते होडीमालकही वाचतात. सील नवं होतं. वहिनी, तो खण माझा आहे. मी न्यायला येतो.