साडूंचा विमानतळ

माझ्या थोरल्या साडूंइतका कडक तपासनीस जगातल्या कुठल्याही विमानतळावर झाला नाही आणि होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अडचण एवढीच, की अगदी परवापरवापर्यंत साडूंनी विमानतळ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अवसरी खुर्दला त्यांचं घर, आणि तीस वर्षं नोकरी केली ती एका साखर कारखान्याच्या गेटवर. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघायची, हे काम. निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त झाला नाही. मी लोणीहून त्यांच्याकडे गेलो की ‘या पावणं’ म्हणायच्या आधी त्यांचा हात माझ्या पिशवीच्या बुडाला लागलेला असतो. “मेथी हाये. अन् खाली शेवग्याच्या शेंगा. बरोबर?” बरोबरच असतं. एका लग्नात मांडवाच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी आहेराच्या पिशव्या अशाच दाबून सोडायला सुरुवात केली होती. नवरीच्या मामाचा पारा चढला. मामांना समजावता समजावता माझं जेवण राहिलं, आणि हे पहिल्या पंगतीला बसून मोकळे!

अशा माणसाला कशाची भीती वाटावी? तर स्वतःची पिशवी कुणी उघडण्याची! त्यांची मुलगी जर्मनीला असते. नात तीन वर्षांची झाली, मराठी बोलायला लागली, पण या आजोबांनी तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नव्हतं. बाळंतपणाला जायचं ठरलं तेव्हा ऐन वेळी यांचा गुडघा दुखायला लागला. पुढच्या वर्षी कांदा काढणी आडवी आली. गुडघा खोटा, काढणीही खोटी. माझी मेव्हणी, म्हणजे आमची अक्का, एकदा वैतागून म्हणाली, “तिथं समद्यांदेखत पिशवी उघडून बघत्यात म्हणं. यांना त्ये नको. नातीपायी माझा जीव तुटतोय अन् हे दाराला कडी लावून बसल्यात.” ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या पिशव्या उघडल्या, त्याला स्वतःच्या पिशवीची एवढी काय ती लाज? मी मराठीचा मास्तर. भलेभले उतारे मुलांना समजावून दिले, पण हा उतारा काही माझ्या डोक्यात शिरेना.

शेवटी मुलीनेच युक्ती काढली. घरी तिचा जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर तिने तिकडूनच एक खेळ घालून दिला. खेळ म्हणजे काय, तर आपण विमानतळावरचे तपासनीस. समोरून प्रवासी येतात, यंत्रातून बॅगा सरकतात, आतलं सामान पडद्यावर दिसतं. नको ती वस्तू दिसली की काढून घ्यायची, नाहीतर माणूस सोडायचा. तपासणी किती साधी असते हे वडिलांना कळावं आणि भीती जावी, एवढाच तिचा भाबडा हेतू. साडू चष्मा लावून बसले, आणि तिसऱ्या दिवशी अक्काचा मला फोन: “दाजी, हे नोकरीला लागले वो परत!”

मी जाऊन पाहिलं तर खरोखरच. सकाळी आंघोळ, पूजा, इस्त्रीचा शर्ट, आणि नऊच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर. खेळ इंग्रजीत. मोबाईलचा कॅमेरा पडद्यावर धरला की मराठी भाषांतर येई, आणि ते असं की ‘कृपया आपले द्रव समर्पित करा’. साडूंना त्यात काही वावगं वाटेना, सरकारी कागदाची त्यांना सवयच होती. वावगं वाटलं ते भलतंच. बाई प्रवासी आली की ते हात मागे घ्यायचे. “बाईमाणसाच्या पिशवीला आपण हात लावायचा न्हाई. गेटवर कवा लावला न्हाई, हितं बी न्हाई.” त्यामुळे बायका सरसकट सुटत. एक पांढऱ्या केसांची आजी तर बॅगेत तीन पिस्तुलं घेऊन विमानात जाऊन बसली. संध्याकाळी पडद्यावर लाल अक्षरं आली, साडूंनी मोबाईल धरला, आणि वाचलं: ‘तुम्हाला कामावरून काढण्यात आले आहे.’ तीस वर्षांत साधा मेमो न मिळालेला माणूस! त्या दिवशी ते जेवले नाहीत. अक्का म्हणाली, “आवो, खेळ हाय तो.” ते म्हणाले, “खेळ आसंल. पण नाव माझं लिवलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. पडद्यावर बाई दिसली की हे खुर्चीतून उठून हाक मारायचे, “ओ, बाई आली!” मग अक्का स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन यायची, बसायची, बॅग बघायची. अक्का तर यांच्याहून खमकी निघाली. अत्तर काढलं, कात्री काढली, एका बाईच्या बॅगेतली पुतळी काढून घेतली. “पुतळीत काय आसंल काय सांगावं?” आठवडाभरात दोघांना मिळून बढती आली. भाकरी मात्र रोज करपायची. बढती मिळालेल्या घरात भाकरी करपते ही तक्रार मी कुणाकडे करायची?

पण खरी गंमत पुढे झाली. त्या खेळाखाली जगभरचे खेळाडू आपापलं मत लिहितात, हे साडूंना कळलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते तक्रार पुस्तक होतं, आणि तक्रार पुस्तकातल्या नोंदीला उत्तर न देणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. मग काय, एकेक मत मोबाईलने मराठीत करायचं आणि खाली मराठीतच उत्तर ठोकायचं. एकाने लिहिलं होतं, ‘दहा तास खेळलो, अतिशय कंटाळवाणा, घेऊ नका.’ साडूंचं उत्तर: ‘आपली तक्रार वाचली. पाळी आठ तासांची असते. कंटाळा आला व्हता तर दोन तास जादा का थांबला?’ दुसऱ्याचं म्हणणं, सगळे प्रवासी एकसारखेच दिसतात. त्याला लिहिलं, ‘तोंडाकडं बघू नका, पिशवीकडं बघा.’ कुणी लिहिलं, रांग अडकते, पुढे सरकत नाही. ‘रांग लावणं हे आपलं काम. खुर्ची सोडून उठा.’ एकाने तर लिहिलं होतं, हा खेळ नाही, ही नोकरी आहे. आणि वर पाचापैकी पाच तारे दिले होते. हे वाचून साडू अर्धा दिवस माझ्याकडे बघत बसले. “मास्तर, ही मानसं पदरचं घालून नोकरी करत्यात? अन् वर खूश बी हायेत?” मी काय सांगणार, कपाळ! मला तर आधीच काही कळत नव्हतं.

इतक्या नेमाने उत्तरं येताहेत म्हटल्यावर खेळाडूंचा समज झाला की हा माणूस कंपनीचाच. झालं! यांच्या नावाने तक्रारी यायला लागल्या. यंत्र दुरुस्त करा, सामान हुंगणारी कुत्री वाढवा, साहेबाचं ओरडणं कमी करा. साडू म्हणाले, “कुत्र्याचं वर कळवतो.” वर म्हणजे कुणाला, देव जाणे. त्यांनी स्वतःचं मतही लिहिलं, ते मीच शुद्धलेखनासाठी तपासून दिलं: ‘काम चोख आहे. पण गेटवर चहा येत नाही. आणि प्रवाशाला गाव कोणतं, कुणाच्यातला, हे विचारायची सोय नाही. माणूस कुणाचा ते कळल्याशिवाय पिशवी कशी बघावी?’ यावर परदेशात कुठेतरी मोठा वाद झाला. निम्मे म्हणाले हा विनोद आहे, निम्मे म्हणाले खेळात खरंच ही उणीव आहे.

त्यातच एकाने लिहिलं, की मी खऱ्या विमानतळावर दिवसभर बॅगा तपासतो आणि घरी येऊन पुन्हा हाच खेळ खेळतो, का ते मलाच ठाऊक नाही. साडू हे वाचून हळवे झाले. “ह्यो मानूस आपला.” त्याला त्यांनी दोनच शब्द लिहिले: ‘जेवलात का?’ आता ही आपली साधी चौकशी. पण कंपनीच्या माणसाने असं लिहिलं म्हणजे हा कसला तरी गुप्त संकेत असणार, असं त्या लोकांनी ठरवलं. कुणी म्हणालं, हे शब्द खेळात टंकले की एक लपलेली खोली उघडते. कुणी म्हणालं, मला उघडली. जगभरची शहाणीसुरती माणसं पुढे आठवडाभर विमानतळाच्या पडद्यावर ‘जेवलात का’ लिहीत होती, आणि साडू चकित होऊन म्हणत होते, “लई मायाळू लोक, राव.”

मुलीची युक्ती मात्र लागू पडली. एके दिवशी साडू आपणहून म्हणाले, “जाऊ आमी. आता कळलं समदं.” तिकिटं निघाली. मोठ्या बॅगेत भाजणी, कुरडया, काळा मसाला भरून ती कांद्याच्या काट्यावर तोलली, तिथे सुईभरही जागा उरली नाही. आणि मुलीने तर विळी मागितली होती. तिकडच्या सुरीने तिला मेथी चिरल्यासारखीच वाटत नाही. साडूंनी विळी टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत घातली. मी म्हणालो, “अहो, धारदार आहे, चालेल का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोर. “मास्तर, मनाई केलेल्या वस्तूंची यादी मला तोंडपाठ हाये. सुरी, कात्री, वस्तरा, पेचकस, कुऱ्हाड. विळी न्हाई. यादीत नसंल त्ये सोडायचं, ह्यो गेटचा नियम.” खेळ बनवणाऱ्यांनी जन्मात विळी पाहिलेली नसणार, हे मला सुचायला हवं होतं. पण एवढ्या अनुभवी माणसापुढे आपण काय बोलणार?

मी त्यांना मुंबईच्या विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. साडूंनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. अक्का त्यांचा शर्ट धरूनच आत गेली. पुढचं मला कळलं ते जर्मनीहून साडूंचा फोन आला तेव्हा.

विळी पडद्यावर दिसली आणि पट्टा थांबला. मागे मोठी रांग. साडू पट्ट्यापाशी तसेच उभे राहिले. तिथे गणवेशातली एक पोरगी होती. तिने पिशवी उचलली आणि रांगेकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाली, “काका, जरा इकडं बाजूला या. मी उघडू, का तुम्ही स्वतः उघडता?” त्यांनी उघडली. टॉवेल सोडला. तिने विळी पाहिली, हसू दाबलं, “ही नाही नेता येणार, काका,” म्हणाली, आणि टॉवेलाची घडी नीट घालून परत पिशवीत ठेवली. बस, एवढंच. ना आरडा, ना ओरडा.

मला वाटलं आता नातीचं सांगतील. पण ते म्हणाले, “मास्तर, तीस वर्षांत मला हे सुचलं न्हाई वो. बाजूला घ्यायचं.” आणि मग जे त्यांनी अक्कालाही कधी सांगितलं नव्हतं, ते मला सांगितलं. महाळुंगे पडवळचा एक फिटर होता. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ आटपून तो गेटवर आला, हातात पिशवी. नियम म्हणजे नियम, म्हणून यांनी सगळ्या पाळीसमोर ती उघडायला लावली. आत चोरीचं काही नव्हतं. फिटर निमूटपणे निघून गेला, आणि पुन्हा कधी कारखान्याकडे फिरकला नाही. “तवापासून वाटायचं, आपली बी कुनीतरी आशीच उघडणार. तुमी त्याच्याकडं जाऊन या.” मी विचारलं, “जाऊन काय सांगू?” ते म्हणाले, “त्ये मलाबी कळंना. नुसतं जाऊन बसा.”

मी गेलो. म्हातारबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी माझी ओळख सांगितली, साडूंचं नाव सांगितलं. चहा झाला. पावसापाण्याचं, कांद्याचं बोलून झालं. शेवटी धीर करून मी विचारलं, “शेवटच्या दिवशी गेटवर तुमची पिशवी तपासली होती, ते आठवतं का?” म्हातारबा हसले. “छ्या! आता कुठलं ध्यानात ऱ्हायलंय? समद्यांचीच तपासायचे ते. चांगला मानूस.” माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मी चपला घालून वाटेला लागणार, एवढ्यात लसणाची पाकळी सोलता सोलता, मान खालीच ठेवून ते म्हणाले, “सत्काराचा नारळ व्हता पिशवीत. त्यो त्यांनी कानापाशी धरून हलवून पायला व्हता. आत पाणीच हाये का म्हणून.”

घरी येईपर्यंत मला काय करावं ते सुचलं नाही. संध्याकाळी फोन आला. मागे नात कुठल्याशा गाण्यावर बोबडं ओरडत होती आणि अक्का हसत होती. साडूंनी विचारलं, “भेटला का?”

“भेटले. तब्येत चांगली आहे. त्यांना काही आठवत नाही म्हणाले.”

“खरं?”

“खरं,” मी म्हणालो.

साडू म्हणाले, “बरं झालं,” आणि नातीच्या हाकेला ओ देत त्यांनी फोन ठेवला. मला खरंच कळत नाही, मी बरोबर केलं की चूक.