डाव्या आट्यांची पिन

मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होतो, आणि माझ्यासारखा हात नाशकात दुसऱ्या कुणाचा नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. दोन हजारनंतरची ती वर्षं. ॲल्युमिनियम न वितळवता जोडायची एक नवी पद्धत आली होती. स्क्रूसारखे आटे पाडलेली, गरगर फिरणारी पोलादी पिन दोन पट्ट्यांच्या सांध्यात घुसवायची. घर्षणानं धातू मऊ होतो, पिन तो ढवळत पुढे सरकते आणि मागे जोड तयार. मी हट्टच धरला, तेव्हा मालकांनी जुनं मिलिंग मशीन दिलं, पण दसऱ्यापर्यंतच. जमलं नाही तर मशीन परत नेहमीच्या कामाला.

आमच्याकडचं ॲल्युमिनियमचं सगळं वेल्डिंग सिन्नरचे एक मामा करायचे. ते म्हणाले, "ठिणगी नाय, तं वेल्डिंग कसलं रे? पिठलं घोटतो का काय?"

पहिली पिन मोडली. दुसरी चांगल्या पोलादाची केली, ती टिकली. पण जोड वाकवला की कडकन तुटायचा. कापून पाहिला तर आत उंदराच्या बिळासारखी पोकळी. फिरण्याचा वेग बदलला, पिन लांब केली, बीळ तिथंच. मला रडू यायचंच बाकी होतं, म्हणून मी सगळ्यांवर खेकसत होतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा मशीनपाशी बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माल लय वर येतोय. ड्रिल चुरा काढतं तसा तुझी पिन त्याला उपसती. आटे डावे पाड, खाली दाबंल."

हाताच्या सवयीनं प्रत्येक पिनेवर मी साध्या बोल्टला असतात तसे उजवेच आटे पाडले होते. जन्मभर बोल्ट केलेल्या माणसाचीच ही चूक! माझे कान गरम झाले. संध्याकाळपर्यंत नवी पिन केली. पण खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही. ती पिन हळदकुंकू लावून दिवसभर पूजेत बसली, मामांच्या वेल्डिंगच्या टॉर्चशेजारी.

दसऱ्याची सुट्टी असूनही सकाळी मालक, मामा आणि मी हजर. जोड झाला. मामांनीच पट्टी व्हाइसमध्ये आवळली आणि हातोडा उचलला. पट्टी पार दुमडली, जोड हलला नाही. "मशीन राहू दे तुझ्याकडेच," मालक म्हणाले. मी अक्षरशः नाचलो.

मामा त्या जोडावरून अंगठा फिरवत होते. "माझं काम गेलं म्हणायचं आता," ते म्हणाले.

हे ठाऊक असूनच त्यांनी मला आटे सांगितले होते. मी वाकून त्यांच्या पाया पडलो.

"ऊठ, ऊठ," मामा म्हणाले, "आन् हे चालवायचं कसं, ते दाव मला."