आमच्या सरांचा पाण्याखालचा धंदा

कंपनी सोडली की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, आयडी कार्डाची दोरी आणि किस्से. दोरीला मी घराच्या किल्ल्या अडकवल्यात. किस्से कुठे अडकवायचे ते कळत नाही. घाटकोपरला मित्रांसोबत चहाला उभा राहिलो की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "साल्या, फेकतोयस!"

फेकत नाही रे. एवढी कल्पनाशक्ती असती तर मी पण स्टार्टअप काढला असता.

आधी मंडळी सांगतो. सर म्हणजे आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजातले प्रोफेसर. त्यांच्या लॅबमध्ये पाण्याखाली आपला आपण फिरणारा रोबोट होता. रिमोट नाही, काही नाही. धरणाची भिंत, बंदराचे खांब, सगळं हा एकटा जाऊन तपासणार. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत ते रोबोटला प्रतिध्वनीवरून ओळखावं लागतं. ते ओळखणारं सॉफ्टवेअर श्रुतीने लिहिलं. श्रुती बोरिवलीची, सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. हेच तिचं संशोधन, ह्याच्यावरच तिची डॉक्टरेट.

सरांनी ते विकायला मरोळच्या एका गाळ्यात कंपनी काढली. खाली बटणांचा कारखाना, वर आम्ही. सीईओ म्हणून मेव्हण्याला बसवलं. हा मंदार. आधी मॉड्युलर किचन विकायचा. आणि चौथा मी, एमटेक अर्धवट सोडून आलेला.

आता गंमत बघा. श्रुतीचे गाइड सर आणि मालकही सर. नॉर्वेतल्या एका लॅबने तिला जागा देऊ केली होती, "डॉक्टरेट हातात आली की ये." म्हणजे पीएचडी संपली की ती जाणार. ती गेली की सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? मला तेवढं येत नव्हतं. मंदार पेनड्राइव्ह उलटा लावून "नेट स्लो आहे" म्हणायचा. तर तिची पीएचडी कधी संपायला हवी होती असं सरांना वाटत असेल? करा विचार.

*

"डिग्री म्हणजे काय रे? कागद!"

हे सर मला त्यांच्या केबिनमध्ये म्हणाले. त्यांच्या मागच्या भिंतीवर असे चार कागद फ्रेम करून लावले होते.

"मोठी माणसं कॉलेज सोडूनच मोठी झाली. तुझ्यात ती आग आहे, मला दिसतेय."

मी भांडुपचा पोरगा. आमच्या खानदानात आजवर कुणाला कुणी आग आहे असं म्हटलेलं नाही. पेटलो! पुढच्याच आठवड्यात कॉलेजातून नाव काढून घेतलं. सरांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "रविवारी जरा घरी येशील? आमच्या ओमला फिजिक्स शिकव. एंट्रन्स जवळ आलीय. ह्या वर्षी काहीही करून चांगल्या कॉलेजात जायलाच हवा तो."

*

आमच्या बाबांचा पण एक ऐका. आजोबा गिरणीत होते, बाबा बँकेत चिकटले, आणि पोरगा एमटेक होणार म्हणजे घराण्यावर कळस. तो कळस मी चढवता चढवता खाली आणून ठेवला. बाबा माझ्याशी बोलेनात.

गणपतीला कणकवलीला गेलो. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे झिला, सध्या काय करतंस?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नेव्हीत आसा. पाणबुडीर. सिक्रेट आसा, जास्त इचारू नकात."

संपलं! आरतीला मला पुढे उभं केलं. काकू मोदक वाढताना म्हणायची, "खा रे बाबा, परत समुद्राखाली कोण देतलो तुका?" एका म्हाताऱ्याने तर मला वाकून नमस्कार केला. मी मरोळच्या गाळ्यात बसून सॉफ्टवेअरमधले किडे काढतो हे कुणाला सांगणार?

परत येताना पनवेलला बाबांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "खोटं बोललो त्याची लाज वाटली." मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "खरं बोललो असतो तर जास्त वाटली असती."

*

रोबोटची चाचणी कुठे व्हायची? समुद्रात? छे! सर मुलुंडच्या एका टॉवरमध्ये राहतात आणि तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. तर सोसायटीचा स्विमिंग पूल ही आमची रिसर्च फॅसिलिटी. ब्रोशरमध्ये असंच छापलं होतं. फोटोत कोपऱ्यात कुणाचा तरी टॉवेल पण आला होता.

एकदा बाहेरचे पाहुणे रोबोट बघायला आले. नेमके तेव्हाच चेअरमन सबनीसकाका पुढे ठाकले. त्यांचं आणि सरांचं पार्किंगवरून जुनं भांडण.

"पूलमध्ये उतरणाऱ्या प्रत्येकाने आधी शॉवर घ्यायचा आणि डोक्याला टोपी घालायची. बोर्ड लावलाय. वाचता येतो ना?"

"अहो काका, तो रोबोट आहे," सर म्हणाले.

"सभासद आहे का? नाही ना? म्हणजे गेस्ट. गेस्टला तर कंपल्सरी!"

पाहुणे बघतायत. शेवटी आम्ही रोबोटला शॉवरखाली धरलं. मंदारने स्वतःची रबरी टोपी काढून रोबोटच्या तोंडावर ताणून बसवली. रोबोटचा कॅमेरा तोंडावरच असतो. आंधळा झाला बिचारा. मी डोळे मिटून घेतले, आता भिंतीला थडकणार. पण नाही थडकला! प्रतिध्वनीच्या जोरावर पूलला पूर्ण फेरी मारून, शिडी चुकवून, शांतपणे परत आला. ही सगळी श्रुतीची करामत.

"कॅमेरा झाकला होता?" पाहुण्यांनी विचारलं.

"मुद्दाम!" मंदारची पापणी लवली नाही. "आमचा रोबोट डोळे मिटून चालतो, सर!"

पाहुणे खूश. ते गेल्यावर सरांनी श्रुतीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता शाबासकी. सर म्हणाले, "बघितलंस? ह्याला इनोव्हेशन म्हणतात. शीक जरा मंदारकडून."

*

मग एकदाचे समुद्रावर गेलो. वेसाव्याला. सरांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, रोबोट पाण्यात सोडला. रोबोट बुडेचना! मेलेल्या माशासारखा वर तरंगत राहिला.

कारण साधं होतं. त्याच्या पोटातली वजनं पूलच्या गोड्या पाण्याला जमवलेली. खारं पाणी वस्तूला जास्त वर उचलतं. हे शाळेत असतं, आणि सर तर पहिल्या वर्षाच्या पोरांना हेच शिकवतात. पण इतकी वर्षं पूलमध्ये पोहून सगळ्यांना समुद्र गोडच वाटायला लागला होता.

सरांनी लाटांकडे रागाने बघितलं. मग म्हणाले, "आजचं पाणी जरा जास्तच खारट आहे."

श्रुती म्हणाली, "बदलून मागू या का, सर?"

मंदार तोवर कुठूनतरी एक पेव्हर ब्लॉक घेऊन आला आणि रोबोटच्या पोटाला सुतळीने बांधला. रोबोट दगडासारखा खाली गेला. आता वर येईना! आम्ही दोरी ओढतोय, सर सूचना देतायत, मंदार व्हिडिओ काढतोय. बाजूला बोंबील वाळत घालणारी एक बाई मघापासून हा तमाशा बघत होती. ती ओरडली, "काय रं, त्याला बुडवायला आणलाय का तरंगवायला? एकदा काय ते ठरवा!"

आमच्या कंपनीला इतका नेमका प्रश्न कुठल्याच कन्सल्टंटने विचारला नाही.

*

श्रुतीचं काम नेमकं काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. स्क्रीनवर रोबोटचा एक ठिपका दिसायचा आणि त्याच्याभोवती एक गोल. गोल लहान असला तर रोबोटला आपली जागा पक्की माहीत आहे. गोल मोठा झाला तर "मी इथेच कुठेतरी आहे, नक्की सांगता येत नाही." आणि फारच मोठा झाला की रोबोट काम थांबवून निमूट वर यायचा. म्हणजे आपल्याला कळत नाही हे ज्याला कळतं असा रोबोट. इतकी वर्षं शिक्षणात काढली, असा प्रोफेसर मी बघितला नाही.

मंदारला तो गोल बघवेना.

"हा काढा पहिला. किचन विकताना मी गिऱ्हाइकाला म्हणायचो का, की तुमचा ओटा इथेच कुठेतरी येईल?"

श्रुतीने समजावलं, भांडली, शेवटी हात जोडले. सरांनी स्वतः बसून गोल उडवला, त्याच्यासोबत रोबोटचं थांबून वर येणं पण गेलं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सरांचं एवढंच योगदान, आणि तेही खोडण्याचं.

मग ठाण्याच्या पलीकडे एका धरणावर डेमो. ठिपका एकदम ठाम, कॉन्फिडंट. पाण्यातून निघाला, भिंतीच्या आरपार गेला, रस्ता ओलांडला आणि टपरीजवळ जाऊन उभा राहिला. खरा रोबोट त्या वेळी कुठल्यातरी वेलींत अडकून पडलेला.

धरणाचे इंजिनीअर चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा रोबोट चहाला गेला काय हो?"

मंदार म्हणाला, "सर, उभयचर आहे!"

*

श्रुतीचा पेपर एका मोठ्या परिषदेत निवडला गेला. आमच्या कॉलेजचा नियम असा, की छापलेला पेपर नसेल तर थीसिस दाखल करता येत नाही. म्हणजे हा पेपर छापून आला की ती सुटली. गाळ्यात सगळ्यांना तिने जिलेबी वाटली. खालच्या बटणवाल्यांना पण दिली.

सर जिलेबी खात खात म्हणाले, "मागे घे तो पेपर."

"का, सर?"

"छापला तर जगाला कळेल ना!"

"सर, पेपर त्याच्यासाठीच असतो."

"तेव्हा आपण युनिव्हर्सिटी होतो. आता आपण इंडस्ट्री आहोत."

घेतला मागे. गाइडची सही नसेल तर करणार काय? आणि पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या एका समारंभात सर माइकवर काय बोलले माहितीय? "आजकालच्या संशोधक मुलांना लिहायचा फार कंटाळा!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या सगळ्या पांढऱ्या केसांनी माना डोलावल्या.

*

आता शेवटचा. हा मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, प्रोजेक्टर माझ्याकडे होता.

कॉलेजची एसी सेमिनार रूम सरांनी एका दिवसासाठी घेतली आणि दोन मीटिंगा एकाच दिवशी लावल्या. सकाळी कमिटी. पेपर नसला तरी काम खरोखर नवीन असेल तर खास बाब म्हणून थीसिस दाखल करू द्यावा, असा अर्ज श्रुतीने केला होता, त्याचा निकाल. दुपारी बीकेसीहून इन्व्हेस्टर येणार. स्लाइड्स त्याच. मधल्या सुट्टीत मी फक्त कॉलेजचा लोगो काढून कंपनीचा लावायचा.

सकाळी श्रुती झकास बोलली. आमच्या एचओडी मॅडम कमिटीवर होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर हे बरंच नवीन वाटतंय. गाइडचं काय मत?"

सरांनी चष्मा काढला. "काम कष्टाचं आहे, वाद नाही. पण नवीन? नाही, ह्यात नवीन असं काही नाही. अजून वर्षभर काम करू दे. तिच्याच भल्यासाठी म्हणतोय मी."

"गाइडच म्हणतायत म्हटल्यावर..." मॅडम म्हणाल्या. झालं. नॉर्वेवाले वर्षभर थांबणार नव्हते, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

कॅन्टीनमध्ये मला वाटलं, आता ही रडणार. तिने मिसळ मागवली. वर आणखी तर्री मागितली. पाव पुसून पुसून खाल्ला.

दुपारी इन्व्हेस्टर आले. एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची दोन माणसं. कॉलेजतर्फे एचओडी मॅडम पण बसल्या. मी तीच स्लाइड लावली. सर उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "हे जगात आजपर्यंत कुणीही केलेलं नाही. संपूर्णपणे नवीन!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

ते गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, असं माझ्यासमोर रोज कुणीतरी म्हणतं. ज्याने हे लिहिलंय त्याच्याशी बोलू द्या."

"अर्थात! ही श्रुती. आमची चीफ सायंटिस्ट!" सर म्हणाले. आपण चीफ सायंटिस्ट आहोत हे श्रुतीला तेव्हाच कळलं.

गृहस्थ तिच्याकडे वळले. "मॅडम, एकच प्रश्न विचारतो. ह्यात खरंच काही नवीन आहे का?"

मंदार मागून हो-हो म्हणून जोरजोरात मान हलवत होता. सर हसले. "सांग, सांग. अगदी मोकळेपणाने सांग."

श्रुती उठून उभी राहिली. तिने इन्व्हेस्टरकडे बघितलंच नाही.

"सर, सकाळचं उत्तर सांगू की दुपारचं?"