शेवटच्या वळणावरचे लाल दिवे

हाल्वार नेसलुंड वाकडा खिळासुद्धा टाकून देत नाही. ठोकून सरळ करतो आणि डब्यात ठेवतो. लोम्योन गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे तो कुणाच्या अंगणात शिरला की लोक आधी आपल्या भंगाराकडे एक नजर टाकतात. आठवड्याचे पाच दिवस तो नगरपालिकेच्या फिरत्या ग्रंथालयाची बस चालवतो. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांना प्रेमकथा आणि खुनाच्या कादंबऱ्या पोचवतो, आणि परत येताना बसमध्ये पुस्तकांशेजारी कधी एखादा रेडिएटर असतो, कधी नळीचं भेंडोळं.

हे सगळं जातं एकाच पोटात. ते पोट म्हणजे त्याची शहाऐंशी सालची व्होल्वो गाडी. चौकोनी, तपकिरी, पाववाल्याच्या खोक्यासारखी. बारा वर्षांपूर्वी एका विधवा बाईंच्या कोठारात ती कोंबड्यांच्या ताब्यात होती. हाल्वारनं बाईंना दोन हिवाळे पुरतील एवढी बर्चची लाकडं फोडून, रचून दिली आणि गाडी सोडवून आणली. तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे एंजिनाच्या नाकातोंडात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. जितकी हवा कोंबाल तितकी गाडी पळते, आणि फार कोंबलीत तर एंजिन फुटतं. हाल्वारचं सगळं आयुष्य या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चाललं होतं.

कोंबलेली हवा थंड करायला त्यानं भंगारातल्या मालवाहू गाडीची जाळी आणली आणि ती बसवायला पुढचा बंपर करवतीनं कापला. धूर जायची नळी बंद पडलेल्या दूध डेअरीतली, स्टीलची, आतून आरशासारखी. हवेचा दाब वाढवायला बाजारात महागडी यंत्रं मिळतात. हाल्वारनं माशांच्या काचपेटीतली हवेची पितळी चावी लावली. ती अर्धा आटा फिरवली की गाडी अंगात आल्यासारखी करायची. राहता राहिला दाब मोजायचा काटा. त्याची बायको सोल्वेग गावची परिचारिका. तिच्या कपाटात रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र पडून होतं, गोल तबकडीचं.

"ते माझ्या आईचं आहे," सोल्वेग म्हणाली होती.

"मी कुठं विकतोय? उसनं घेतोय."

"त्याचा काटा तीनशेपर्यंतच जातो रे."

"तीनशेच्या पुढं काय होतंय ते बघून तरी काय करायचंय?" हाल्वार म्हणाला.

तर अशी ती गाडी. दर वर्षी मार्चमध्ये गावचं तळं अजून घट्ट गोठलेलं असतं आणि उजेड मात्र परत आलेला असतो, तेव्हा बर्फावर शर्यत होते. सहा फेऱ्या, चौदा-पंधरा जुन्या गाड्या, आणि बक्षीस म्हणून तांब्याची कॉफीची किटली, वर्षभर घरी ठेवायला. शर्यतीचा नियम आजोबांच्या काळापासून एकच: जिंकलेली गाडी त्याच दुपारी अवघ्या आठ हजार क्रोनरला विक्रीला निघते. ज्याला हवी त्यानं पैसे आणि आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. जास्त चिठ्ठ्या आल्या तर टोपीतून एक काढायची. गाडी द्यायला नाही म्हणणाऱ्याला पुन्हा बर्फावर पाय ठेवायला बंदी. पैसेवाल्यानं पैसे ओतून किटली नेऊ नये, म्हणून ही युक्ती.

हाल्वारला किटली हवी होती. गाडीही हवी होती. म्हणून त्यानं आपली युक्ती काढली. पाच फेऱ्या सगळ्यांच्या पुढं राहायचं आणि शेवटच्या वळणावर, लव्हाळ्याच्या बेटापाशी, ब्रेकला हळूच पाय लावायचा. मग शेजारचा इंग्वे सर्रकन पुढं जायचा. हाल्वार दुसरा. अकरा वर्षं दुसरा! "काय करणार, वळण निसरडं होतं," असं म्हणत तो सॉसेज खायचा, मनातल्या मनात खूश व्हायचा आणि आपल्याच गाडीतून घरी जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा शर्यतीच्या सकाळी तो बुटाच्या नाड्या बांधत होता. सोल्वेग थर्मासमध्ये कॉफी भरत होती.

"यंदा मी पैज लावलीय," ती म्हणाली. "बेटाच्या अलीकडं."

"कसली पैज?"

"तुझे दिवे कुठं लागतात त्याची. बेकरीवाली माय-ब्रिट पैजा घेते. बरोबर आलं तर दालचिनीचे सहा बन."

हाल्वारचा हात नाडीवरच थांबला. "कसले दिवे?"

"ब्रेकचे रे. मागचे. लाल." सोल्वेगनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. "दर वर्षी तपासणीत पास व्हावेत म्हणून तूच घासूनपुसून ठेवतोस ना? पांढऱ्या बर्फावर इतके छान दिसतात, पलीकडच्या काठावरनंसुद्धा."

अकरा वर्षं डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला कुणीतरी एकदम हाक मारावी, तसं हाल्वारचं झालं. "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?"

"पाद्रीबाईंनी मागच्या वर्षी बन जिंकले."

"आणि इंग्वेला?"

"तो तर तुझ्या मागंच असतो. त्याला सगळ्यात आधी दिसतात." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "अकरा वर्षं किटली त्याच्या घरी आहे हाल्वार, आणि त्याची गाडी एकदाही कुणी मागितली नाही. का, ते कळलं असेल आता. मला विचारशील तर एकदा ठरव. किटली हवीय का गाडी?"

हाल्वारनं नाड्या आवळल्या. बाहेर जाऊन त्यानं बॉनेट उघडलं आणि पितळी चावी पाव आटा फिरवली. थोडा विचार केला. अजून पाव आटा फिरवली.

उणे अकरा तापमान होतं. गार हवा म्हणजे टर्बोला तुपाचा खुराक. पहिल्याच सरळ पट्ट्यात रक्तदाबाचा काटा तीनशेवर जाऊन आपटला आणि तिथंच चिकटून बसला. रोगी माणूस असता तर नातेवाइकांना बोलावलं असतं. खिळ्यांचे टायर बर्फ उडवत होते, डेअरीची नळी गरजत होती. पाचव्या फेरीअखेर इंग्वेची निळी गाडी आरशात बोटाएवढी दिसत होती.

मग शेवटच्या फेरीतलं बेट आलं.

काठावरची माणसं टाचा उंचावून बघू लागली. सॉसेजवाल्यानंसुद्धा चिमटा खाली ठेवला. हाल्वारचा उजवा पाय अकरा वर्षांच्या सवयीनं आपणहून उचलला गेला, ब्रेकवर टेकला. लाल दिवे लुकलुकले. "हंऽऽ," काठावरून सुस्कारा आला. सोल्वेगनं डोळे मिटले. सहा बन जिंकूनही तिचा चेहरा पडला.

"गाढवा, तिकडं नाही!" हाल्वार स्वतःच्या पायावर खेकसला आणि तो ॲक्सिलरेटरवर दाबून धरला. गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं गेलं, लव्हाळी खिडकीला घासून गेली, दिवे विझले आणि पुन्हा लागले नाहीत. तपकिरी खोकं आडवंतिडवं होत रेषा ओलांडून गेलं. लोक टोप्या उडवत होते. हाल्वार मात्र पुढं अर्धं तळं तसाच जात राहिला, कारण जिंकल्यावर काय करायचं असतं ते त्याला माहीतच नव्हतं.

किटली हातात आली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. आणि मग शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या कॅरव्हॅनमध्ये माय-ब्रिटनं लोकरीच्या टोपीत हात घातला. चिठ्ठ्या नऊ होत्या.

"नऊ?" हाल्वार कुजबुजला. रडावं का छाती फुगवावी, ते त्याला ठरेना.

"इंग्वे," माय-ब्रिटनं वाचलं.

इंग्वे दारातच उभा होता. करवतीच्या कारखान्यात जन्म गेलेला, लाकडाच्या ओंडक्यासारखा माणूस. "अकरा वर्षं तुझ्या ब्रेकवर किटली मिरवली," तो म्हणाला. "लोक बघून हसतात. म्हटलं, खऱ्या गाडीत बसून तरी बघू."

हाल्वारनं किल्ली दिली. बोटं उघडायला जरा वेळ लागला. "ते रक्तदाबाचं यंत्र तेवढं सोल्वेगच्या आईचं आहे..."

"गाडीला स्क्रूनं बसवलंय का?" माय-ब्रिटनं विचारलं.

"हो."

"मग गाडीबरोबर गेलं. नियम म्हणजे नियम."

"जाऊ दे," सोल्वेग म्हणाली. "आईला शर्यती आवडायच्या."

आठवडाभर हाल्वार अंगणातल्या रिकाम्या जागेतला बर्फ पुन्हा पुन्हा साफ करत राहिला. रविवारी, वाफलची गोड धिरडी खायच्या वेळी, ओळखीचा गडगडाट ऐकू आला. तो अर्धं वाफल तोंडात घेऊनच बाहेर धावला. इंग्वे उतरला. गाल लाल, डोळे लहान पोरासारखे.

"काय झालं? गरम झाली? चावी फिरवलीस का? हात लावला असशील तर..."

"काही नाही झालं," इंग्वे म्हणाला. "रोज चालवतोय. दूध आणायला जातो तेव्हा वीस किलोमीटर लांबून जातो."

सोल्वेग दारात आली. तिनं इंग्वेचा चेहरा पाहिला आणि आतून आपलं कामावरचं यंत्र आणून सरळ त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "एकशे बहात्तर. आता तरी हळू चालव."

इंग्वेनं ऐकल्यासारखं केलं. मग हाल्वारला कोपऱ्यात ओढून, गाडीच्या छपरावरून हात फिरवत त्यानं आवाज खाली आणला.

"पुढच्या मार्चमध्ये ही जिंकणार, हाल्वार. डोळे मिटून जिंकणार. आणि मग मला ती द्यावी लागणार."

"हो," हाल्वार म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"मग मला एक सांग." इंग्वेनं मागं वळून सोल्वेग आत गेल्याची खात्री करून घेतली. "ते मागचे लाल दिवे... एका दिवसापुरते काढून ठेवता येतात का?"